पुण्याच्या आमदारांना खुलं पत्र: विधेयक पास करायच्या आधी आम्हाला वाचू द्या

पुणे जिल्ह्यातले २१ विधानसभा सदस्य आणि आमच्या भागातून विधानपरिषदेवर गेलेले सगळे सदस्य यांना सप्रेम नमस्कार.

पत्र कशासाठी लिहितेय ते आधीच सांगते, वेळ नसेल तर एवढंच वाचलंत तरी चालेल. विधिमंडळात येणारं प्रत्येक विधेयक मंजुरीला येण्याआधी निदान ३० दिवस मराठीत लोकांसमोर ठेवा, आणि ते एखाद्या समितीकडे जाऊ द्या जिथे बसून ते कलम न् कलम वाचलं जाईल. बाकी खड्डे, टँकर, मेट्रोची कामं यासाठी तुमच्या ऑफिसात सकाळपासून माणसं बसलेली असतात हे मी बघितलंय, आणि त्या माणसांचंही बरोबरच आहे कारण मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते तर माणूस जाणार कुठे. पण खड्डा बुजवायला महापालिका आहे. राज्याचा कायदा करायला मात्र तुमच्याशिवाय कोणीच नाहीये, ना कलेक्टर, ना कमिशनर, ना कोर्ट.

मी कर्वेनगरमधल्या एका जुन्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटच्या वयाची झालीये, त्यामुळे गेली काही वर्षं सहकार कायदा, त्यातल्या ७९अ कलमाखालचा रिडेव्हलपमेंटबद्दलचा ४ जुलै २०१९ चा जीआर, निबंधकांची पत्रं हेच वाचतेय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम मूळ १९६० चा. साखर कारखाने, बँका, गावच्या विकास सोसायट्या आणि आमच्यासारख्या हाउसिंग सोसायट्या सगळ्यांना तोच एक. आमचे प्रश्न वेगळे आहेत हे विधिमंडळाने ओळखलं आणि २०१९ मध्ये दुरुस्ती करून फक्त गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब आणलं, म्हणजे कलम १५४ब आणि त्याखालची सगळी कलमं. चांगलंच केलं, मनापासून सांगते. सभासद वारला तर नॉमिनीचा दर्जा काय, सहयोगी सभासद कोणाला म्हणायचं, लहान सोसायट्यांनी आपली निवडणूक आपणच घ्यायची, हे सगळं त्यात आलं.

पण कायदा ठिकठिकाणी म्हणतो 'विहित करण्यात येईल अशा रीतीने', आणि विहित करणार सरकार, नियम करून. त्या नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांसमोर आला २०२५ मध्ये. कायदा २०१९, नियमांचा मसुदा २०२५. मधली सहा वर्षं राज्यभरातल्या कमिट्या नवा कायदा आणि जुने नियम दोन्ही शेजारी ठेवून चालत होत्या. आमच्याकडे एक काका वारले, नॉमिनी धाकटा मुलगा आणि वारस तिघं, तर शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर करायचं, मतदानाला कोणी बसायचं, एका ऑफिसात एक सांगितलं, वकिलाने दुसरंच सांगितलं, आणि तीन भावंडं जी आईच्या दुखण्यात एकत्र उभी राहिली होती ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकमेकांकडे न बघता बोलायला लागली. काकू मागच्या खुर्चीवर बसून होत्या. चूक त्या भावंडांची नव्हती आणि कमिटीचीही नव्हती. कायदा अर्धा पोचला होता, त्याचा अर्धा भाग यायचा होता.

सरकारने केलेले नियम तपासायला विधिमंडळाची स्वतःची उपविधान समिती असते. तिच्यावर तुमच्यापैकीच सदस्य असतात. नियम झालेच नाहीत तर विचारणारं कोण, हा माझा त्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

मग मी मूळ विधेयकंच वाचायला लागले, पीडीएफ नेटवर मिळतात. नवीन कायद्याचं विधेयक सावकाश वाचलं तर कळतं, मागे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं ते तर साध्या भाषेत असतं. खरी अडचण दुरुस्ती विधेयकाची. त्याचा नमुना असा असतो: मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमाच्या पोटकलम (२) मध्ये 'पंधरा दिवसांच्या आत' या मजकुराऐवजी 'तीस दिवसांच्या आत' हा मजकूर दाखल करण्यात येईल. संपलं. कसले पंधरा दिवस, कोणाचे, नोटीस द्यायचे का अपील करायचे, ते कळायला मूळ कायदा उघडून शेजारी ठेवावा लागतो, आणि मूळ कायद्यातही मधे दहा दुरुस्त्या झालेल्या असतात म्हणून अद्ययावत प्रत शोधावी लागते. अपिलाची मुदत दुप्पट झाली की निम्मी झाली हे त्या एका ओळीत असतं आणि त्यावर एखाद्याचं घर अवलंबून असतं. हे आदल्या दिवशी हातात पडलेलं विधेयक दुसऱ्या दिवशी सभागृहात बसून कोणालाही समजणार नाही, कितीही हुशार आमदार असला तरी. म्हणून वेळ मागतेय, तुमच्यासाठी पण आणि आमच्यासाठी पण.

शाळेत नागरिकशास्त्रात आपण सगळे शिकलो की विधेयकाची तीन वाचनं होतात. मंत्री विधेयक मांडतात ते पहिलं. दुसऱ्यात त्याच्या तत्त्वावर चर्चा, मग खंडशः विचार म्हणजे एकेक खंड घेऊन दुरुस्त्या सुचवायच्या, आणि तिसऱ्यात संपूर्ण विधेयक मंजूर करायचं का ते मत. मग दुसरं सभागृह, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. ही पायरी-पायरीची रचना उगाच नाही केलेली, एका ठिकाणी सुटलेली चूक दुसऱ्या ठिकाणी सापडावी म्हणून आहे. आता अधिवेशनाचं लाईव्ह लावून बघा, मी बघते, पोळ्या करताना मोबाईल उभा करून ठेवते. लक्षवेधीवर, म्हणजे एखाद्या तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, तासभर छान चर्चा होते, आपापल्या भागाचे प्रश्न तळमळीने मांडले जातात, ऐकताना बरं वाटतं. आणि विधेयक आलं की, 'खंड २ ते १४ विधेयकाचा भाग व्हावेत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, होयचे बहुमत, खंड २ ते १४ विधेयकाचा भाग झाले.' तेरा खंड एका दमात. त्या तेरामध्ये आमच्या पंधराच्या तीस दिवसांसारखं काय काय असेल ते कोणाला दिसणार?

यात पीठासीन अधिकाऱ्यांचा, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींचा, दोष आहे असं मी म्हणत नाही. नियमाप्रमाणे प्रश्न विचारावा लागतो, तो ते विचारतात. आणि बहुमत सरकारचंच असणार, पक्षाचा व्हिप आणि राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाची (पक्षांतरबंदीची) टांगती तलवार असताना सत्ताधारी बाकावरून कोणी 'नाही' म्हणणार नाही हे मलाही कळतं. पण म्हणूनच समिती हवी. समितीच्या खोलीत कॅमेरा नसतो, बाकं वाजवायची नसतात, तिथे सत्ताधारी आमदारसुद्धा विचारू शकतो की साहेब हे कलम माझ्या मतदारसंघात कसं चालणार. सचिवांना समोर बसवून विचारता येतं. वकील, अभ्यासक, ज्यांच्यावर कायदा लागू होणार ती माणसं, सगळ्यांना बोलावता येतं. मंत्र्यांची संख्या ९१ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधलीये, म्हणजे २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसकट जास्तीत जास्त ४३. बाकीचे दोनशेच्या वर आमदार सरकारमध्ये नाहीत, सरकारने आणलेला कायदा तपासायला आहेत, आणि यात सत्ताधारी पक्षाचे आमदारही आले.

आता पुण्याचंच उदाहरण घेऊ जे आपल्या सगळ्यांना माहितीये पण कायदा म्हणून आपण त्याकडे बघत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात किती नगरसेवक, हे पुणे ठरवत नाही, राज्याच्या महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती करून मुंबईत ठरतं. २००२ ला तीनचा प्रभाग होता. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोनचा. २०१७ ला चारचा. मग तीनचा करायचं ठरलं, तशी रचना पण झाली, आणि शेवटी जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं ते परत चारचा धरून. दर वेळी सरकार बदललं किंवा गणित बदललं की कायदा बदलला, आणि दर वेळी तुमच्यापैकी किंवा तुमच्या आधीच्या लोकांपैकी बहुतेकांनी 'होय' म्हटलं. मला सांगा, कधी एकदा तरी कोणी कोथरूडमध्ये, हडपसरमध्ये, येरवड्यात लोकांना विचारलं का की बाबांनो तुमची तक्रार घेऊन एका माणसाकडे जाणं बरं का चौघांकडे? आमच्या इथल्या मावशी ज्या चार घरी काम करतात त्या मतदानाच्या दिवशी मला विचारत होत्या की ताई चार बटणं दाबायची म्हणजे चौघं आपलेच का. त्यांना उत्तर द्यायला मला पाच मिनिटं लागली. मार्च २०२२ मध्ये तर प्रभाग रचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारी विधेयकं दोन्ही सभागृहांत एकमताने पास झाली. त्यामागे ओबीसी आरक्षणाचा खरोखरच गंभीर प्रश्न होता हे मान्य, पण एकमत आहे म्हणजे तपासायची गरज नाही असं कसं? उलट सगळे पक्ष एका बाजूला असतात तेव्हा चुका दाखवायला सभागृहात कोणीच उरत नाही, तेव्हाच बाहेरच्या माणसाने वाचायला हवं.

आणि निवडणुका रखडल्याचा परिणाम कुठपर्यंत गेला बघा. विधानपरिषदेत ७८ जण असतात. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपालनियुक्त, साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातले जाणकार. महापालिका, जिल्हा परिषदांमध्ये निवडून आलेले सदस्यच नाहीत म्हटल्यावर त्या २२ पैकी बऱ्याच जागांना मतदारच शिल्लक राहिले नाहीत, मुदत संपली तशा जागा रिकाम्या होत गेल्या. राज्यपालनियुक्तांचं तर सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये १२ नावं पाठवली त्यावर निर्णयच झाला नाही, मामला हायकोर्टात गेला, सरकार बदललं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कुठे सात जणांनी शपथ घेतली. म्हणजे ज्या सभागृहाचं कामच दुसऱ्यांदा वाचायचं आहे तेच अर्धवट भरलेलं. आधीच परिषदेला अधिकार थोडे. साधं विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने परत पाठवलं तर आणखी एक महिना, एवढंच थांबवू शकते, धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) फक्त १४ दिवस, आणि संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते, शेवटचा शब्द विधानसभेचाच. मग परिषदेची खरी ताकद मतात नाही, वाचण्यात आहे.

ती ताकद काय करू शकते ते महाराष्ट्राने दाखवलंय. वि. स. पागे विधानपरिषदेचे सभापती होते, रोजगार हमीची कल्पना त्यांची. ७२ च्या दुष्काळात ती योजना म्हणून राबली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क. देशाचा रोजगार हमी कायदा आला २००५ मध्ये. आणि पैसा कुठून आणायचा तेही विधिमंडळानेच ठरवलं होतं, १९७५ चा व्यवसाय कर कायदा. हिंजवडीत, खराडीत काम करणाऱ्या मुलामुलींनी आपली सॅलरी स्लिप उघडून बघा, पीटी म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. माझ्या भाचीला हे सांगितलं तर तिला वाटत होतं ते कंपनीचं काहीतरी आहे. सोलापूर-बीडकडच्या मजुराच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या पगारदाराकडून थोडे पैसे घ्यायचे, हा विचार कोणीतरी बसून, आकडे मांडून, कायद्यात लिहिला होता. असं काम हातून झालेलं विधिमंडळ आहे आपलं, म्हणून तर त्याच्याकडून अपेक्षा आहे.

लोकांनी बोलल्यावर कायदा सुधारतो याचाही पुरावा घरातलाच आहे. माहिती अधिकाराचा राज्याचा पहिला कायदा २००० चा, तो कमकुवत होता, लोकांनी, अण्णा हजारेंनी त्यासाठी आंदोलनं केली आणि २००२ मध्ये तो बाजूला ठेवून चांगला कायदा आणावा लागला, केंद्राच्या कायद्याच्या तीन वर्षं आधी. दोन वर्षं वाचली असती जर सुरुवातीलाच विचारलं असतं तर.

अगदी अलीकडचं सांगते. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा आलं, डिसेंबरमध्ये नागपूरला परत मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने सूचना मागवल्या तर १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. समितीने मग विधेयकात बदल केले आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या कायद्याबद्दल तुमचं माझं मत काहीही असू दे, माझ्या मनातही त्याबद्दल शंका आहेत आणि त्या मी वेगळ्या मांडेन, पण आकडा बघा. लोकांना इंटरेस्ट नाही, लोक वाचत नाहीत, असं जे म्हणतात त्यांना हे उत्तर आहे. विचारलं तर हजारो लोक लिहितात.

उलट बाजू पण सांगायला पाहिजे, कारण घाई हीच एक अडचण नाहीये. डॉ. नरेंद्र दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती वर्षं मंत्रालयाच्या, विधानभवनाच्या पायऱ्या चढत होते. २००५ मध्ये विधानसभेने त्याचं विधेयक मंजूरही केलं होतं, पण ते पुढे अडकलं आणि बारगळलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी आपल्याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांचा खून झाला. आठवडाभरात अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये नागपूरला कायदा झाला. तो पूल माझ्या रोजच्या वाटेवर आहे आणि तिथून जाताना मला दर वेळी वाटतं की जे आठवडाभरात होऊ शकत होतं ते आठ वर्षं का अडलं. विधेयक समितीत गेलं आणि समितीला तारीख ठरवून दिली, अमुक दिवसात अहवाल द्यायचाच, तर ना दहा मिनिटांत मंजूर होईल ना दहा वर्षं कपाटात राहील. मला दोन्हीसाठी तोच उपाय दिसतो.

आता तुम्ही म्हणाल तातडीचं काही असलं तर काय. तातडीसाठी राज्यघटनेत अध्यादेश आहे, अनुच्छेद २१३, अधिवेशन चालू नसेल तेव्हा राज्यपाल काढू शकतात, आणि अधिवेशन परत सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी तो संपतो. सहा आठवडे हा समितीला पुरेसा वेळ आहे. पण आपली अधिवेशनंच सहा आठवड्यांची नसतात. २०२४ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, एक आठवडा. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दाचं (वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं) पुढे काय झालं यावर तिकडच्या लोकांनी बोलावं, माझा मुद्दा एवढाच की आठवडाभरात पुरवणी मागण्या, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी आणि वर विधेयकांचा गठ्ठा असं सगळं आलं तर कापलं जाणार ते विधेयकांवरचं बोलणंच.

अध्यादेशाचा विषय निघाला तर पुणेकर म्हणून एक गोष्ट तुम्हाला माहिती असायला हवी. बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूट आहे, तिथे डी. सी. वाधवा नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. बिहारच्या जमिनीच्या कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे विधिमंडळात होतच नाहीयेत, अध्यादेश काढायचा, मुदत संपत आली की तोच परत काढायचा. त्यांनी बसून मोजलं. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, त्यातले काही तर चौदा-चौदा वर्षं जिवंत ठेवलेले. पुण्यातला माणूस बिहारसाठी सुप्रीम कोर्टात गेला, आणि २० डिसेंबर १९८६ ला घटनापीठाने निकाल दिला की विधिमंडळाला बाजूला ठेवून असं सारखं सारखं अध्यादेश काढणं हा राज्यघटनेशी खेळ आहे, चालणार नाही. कोर्टाने त्यांना खर्चापोटी १० हजार रुपये द्यायला सांगितले. सरकारी गॅझेटं वाचणारा एक माणूस काय करू शकतो बघा. गॅझेट वाचणारी माणसं या शहरात आजही आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत, आयएलएस, सिम्बायोसिसचे कायद्याचे विद्यार्थी आहेत, सहकार आयुक्तालय तर पुण्यातच आहे, शेतीचे, साखरेचे, नगररचनेचे तज्ज्ञ आहेत. यांच्यापैकी किती जणांकडून तुम्ही एखादं विधेयक वाचून घेतलंत?

त्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात हेच मागितलं होतं. १९०१ मध्ये सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवरच्या हक्काचा प्रश्न होता. सरकारी सभासदांचं बहुमत पक्कं होतं. घाई करू नका, लोकांची मतं मागवा, एवढंच फिरोजशहा मेहता आणि गोखले सांगत होते, ते ऐकलं नाही तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले. त्या काळी पावसाळ्यात कायदेमंडळाच्या बैठका पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये व्हायच्या. तुमच्याही जिल्ह्याच्या बैठका त्याच कौन्सिल हॉलमध्ये होतात. तेव्हा राज्य परक्यांचं होतं, आता तुम्ही आमच्या मतावर निवडून गेलात, त्यामुळे तेव्हाची मागणी आज मान्य करणं तुम्हाला जड जाऊ नये.

केरळने ते केलंय. तिथे १९८० पासून विषय समित्या आहेत, विधेयक मांडलं की ते त्या विषयाच्या समितीकडे जातं आणि तिथून परत आल्यावर सभागृहात चर्चा होते. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. केंद्र सरकारने २०१४ मध्ये धोरण ठरवलं की विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, ते नेहमी पाळलं जात नाही पण निदान कागदावर तरी आहे. आपल्याकडे लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायती राज, आश्वासन अशा समित्या आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्या झालेल्या खर्चाकडे, दिलेल्या आश्वासनांकडे बघतात. येणारं विधेयक कायम वाचत बसणारी समिती नाही. विधेयक प्रवर समितीकडे (त्या विधेयकापुरती नेमलेली आमदारांची समिती), संयुक्त समितीकडे पाठवायची, लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करायची सोय आपल्या नियमांमध्ये आहे, फक्त ती कधीतरी, गाजलेल्या विधेयकाच्या वेळीच वापरली जाते. सभागृहाचे नियम सभागृहच करतं, अनुच्छेद २०८. दिल्लीला विचारायला नको, राज्यपालांची सही नको, पैसेही फारसे नकोत.

तर तुमच्याकडे मागणी अशी. पुण्याच्या २१ जणांनी, पक्ष कुठलाही असो, एकत्र येऊन नियम समितीला आणि अध्यक्ष-सभापतींना लेखी प्रस्ताव द्या की विषयवार समित्या नेमा आणि वित्त विधेयकं सोडून बाकी विधेयकं त्यांच्याकडे ठरलेल्या मुदतीसाठी पाठवा. २८८ मध्ये २१ म्हणजे कमी नाहीत, गणपूर्तीलाच, म्हणजे सभागृहाचं काम चालायला, २९ लागतात. दुसरं, दुरुस्ती विधेयकासोबत मूळ कलम आणि बदललेलं कलम शेजारी-शेजारी छापलेलं मराठीत मिळायला हवं, हे तर उद्यापासून होऊ शकतं. तिसरं, ज्या कायद्याला नियम लागतात त्याचे नियम किती महिन्यांत करणार ते मंत्र्यांकडून सभागृहात वदवून घ्या, म्हणजे ते आश्वासन होईल आणि आश्वासन समितीला विचारता येईल. आणि ज्या विधेयकाने लोकांच्या घरावर, जमिनीवर, पोटावर परिणाम होतो त्यावर मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतदान, मागा. आवाजी मतदानात तुम्ही काय म्हणालात ते आम्हाला कधीच कळत नाही, आणि तुमचं मत तुमच्या नावाने नोंदलेलं बघायचा आम्हाला हक्क आहे.

प्रस्तावाला वेळ लागेल हे समजतं. तोपर्यंत तुमच्या पातळीवर एक करता येईल. अधिवेशनात येणाऱ्या विधेयकांची यादी हातात पडली की त्याच दिवशी ती तुमच्या फेसबुक पेजवर, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, वाढदिवसाचे आणि उद्घाटनाचे फोटो टाकता तिथेच. आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो, आजूबाजूच्या सोसायट्यांच्या कमिट्या, दोन-तीन वकील, सहकार खात्यातून रिटायर झालेले एक काका, ज्यांना मूळ कायदा तोंडपाठ आहे, असे आम्ही वाचायला बसू आणि कलमवार मुद्दे लिहून तुम्हाला देऊ. एक पान, दोन पानं, वेळेत. धनकवडी, औंध, भोसरी, बारामती, जुन्नर कुठेही अशी माणसं मिळतील, शेतीचं विधेयक असेल तर नारायणगावच्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला आमच्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही, पीएला पाठवलंत तरी चालेल, फक्त आमचे मुद्दे सभागृहात मांडले का आणि नसतील मांडले तर का नाही, हे अधिवेशनानंतर लेखी कळवा.

हाउसिंग सोसायट्यांच्या नियमांबद्दल आमच्या परिसरातल्या कमिट्यांचे मुद्दे तयार आहेत, नॉमिनी आणि वारसांच्या कलमावर सगळ्यात जास्त लिहिलंय. कोणत्या आमदारांच्या कार्यालयात कधी आणून देऊ तेवढं कळवा.

आपली,
कर्वेनगरमधली एक मतदार आणि सोसायटीची सेक्रेटरी